शटरवरची दुकानं

ती. ताईस,

हात रंगाने बरबटलेत, म्हणून लांबूनच नमस्कार.

मी मजेत आहे. वस्तीच्या समितीने पडक्या खोल्या नीट करून आम्हा रंगाऱ्यांना राहायला दिल्यात. दिवे उन्हाच्या विजेवर, म्हणजे फुकट. बाबांचा खोकला कसा आहे?

काम मात्र विचित्र आहे. इथली दुकानं बंद पडलीत, आणि त्यांच्या शटरवर मी उघडी दुकानं रंगवतो. रस्ता जिवंत दिसला की धंदा परत येईल, असं समितीचं म्हणणं. माणसं भली आहेत गं, झाडं लावतात, बाकं बसवतात. पण बसणार कोण? काल एक आजी माझ्या रंगवलेल्या बेकरीसमोर पिशवी घेऊन उभ्या होत्या. मी शिडीवरून उतरलोच नाही.

एक शिलाईचं दुकानही काढलंय. मशीनवर तूच बसली आहेस. नाक जरा चुकलंय, रागावू नकोस.

मी रंग घ्यायचो ते दुकानही सोमवारी बंद झालं. मालकाने उरलेले डबे मला देऊन टाकले. म्हणाला, "माझ्या शटरवर गिऱ्हाइकांची गर्दी काढ." उद्या तेच काम आहे.

तू इकडे येऊन दुकान टाकणार होतीस ना? मशीन बांधून ठेवलं असशील, तर सोड.

तुझा धाकटा