शून्य आलं, तरीही

शनिवार, संध्याकाळ. फरीदाबाद.

मशीनवर शून्य आलं. मग मला बरं का वाटत नाहीये?

सरोजिनी नगरहून कपडे घेऊन परतताना बदरपूरच्या पुढे पोलिसांनी गाडी थांबवली. अनिल चालवत होता, मागे सासूबाई. दारू तपासायचं मशीन पुढे करून हवालदार म्हणाला, "इसमें फूँक मारो." मी अनिलकडे बघितलं. गेल्या दिवाळीत अनिलने आईच्या गळ्याची शपथ घेऊन दारू सोडली. पण मानेसरच्या ऑफिसातून रोज गाडी चालवत येतो, तेव्हा बघायला कोण असतं?

अनिल मात्र अगदी शांत. "भाईसाहब, पहले नया पाइप लगाइए," म्हणाला. म्हणजे तोंडात धरायची ती पांढरी नळी. ती बदलतात, हेच मला माहीत नव्हतं. मग बीप वाजेपर्यंत एका दमात फुंकलं. कोणी काही सांगायच्या आधीच! हवालदारसुद्धा हसला, "आपको तो सब पता है."

"बघितलंस? शून्य!" सासूबाई घरी येईपर्यंत मलाच ऐकवत होत्या. आल्या आल्या देवापुढे साखर ठेवली.

आज नव्हता प्यायला, मान्य. पण ती नळी? व्हिडिओत बघितली असेल, यार. तो तसं म्हणाला असता तर मी मानलंही असतं. मला मानायचंच होतं.

जेवताना सहज विचारलं, "नवा पाइप मागायचा असतो, हे तुला कसं माहीत?"

ताटातली नजर वर न करता म्हणाला, "कुठला पाइप?"