सभासद क्रमांक ४१ यांस

उंब्रज, ता. कराड
मंगळवार, दुपार

सुभेदार मानसिंगराव यांस,

रसूल टेलरचा सलाम आणि नमस्कार. दोन्ही पाठवतो आहे, एक परत आला तर दुसरा तरी पोचेल. आपली तब्येत कशी आहे, गुडघा काय म्हणतो आणि खंडाळ्याचं पाणी मानवलं की नाही, हे सविस्तर कळवावं. साळूवहिनींना सलाम सांगावा, पृथ्वीराजला आशीर्वाद. (आपल्याला ‘तुम्ही’ लिहितो आहे, कारण इयत्ता चौथीपासून चालत आलेलं अरे-तुरे जानेवारीत बंद पडलं आणि ते पुन्हा सुरू करायचं की नाही, हे आपलं अजून ठरलेलं नाही.)

फोन का केला नाही, असं विचाराल. एकदा केला होता. वहिनींनी उचलला. मी गडबडलो आणि सुभेदारांच्या पँटची तुरपाई उसवली तर नाही ना, असं विचारून ठेवून दिला. तुम्ही निवृत्त झाल्यापासून पायजम्याखेरीज काही घातलेलं नाही, हे मला माहीत आहे आणि वहिनींना तर माहीत आहेच, त्यामुळे त्यांना माझ्या डोक्याची काळजी वाटली असणार. शिवाय फोनवर माझा आवाज चढतो, आणि तो चढला की तुम्ही फोन खाली ठेवता. पत्र मध्येच खाली ठेवलं तरी पुढचा मजकूर कुठे जात नाही.

इकडची हालहवाल अशी. दुकान चालू आहे. चालू म्हणजे सकाळी उघडतं आणि संध्याकाळी बंद होतं. लोक तयार कपडे घेतात आणि माझ्याकडे फक्त लांडे करायला आणतात. आमचा मुलगा मुजीब सांगलीहून दर रविवारी फोन करतो आणि इकडेच येऊन राहा म्हणतो. मी पुढच्या महिन्यात बघू म्हणतो, आणि पुढचा महिना आला की तेच म्हणतो. चांदबी गेल्याला तीन वर्षं झाली, स्वयंपाक आता मला बऱ्यापैकी जमतो, पण दोन माणसांचं माप हाताला बसलंय, ते सुटत नाही. रोज थोडं उरतं.

एक फजिती मात्र झाली. वाचनालयातून आणलेली एक रहस्यकथा दुपारी संपवली, तिच्यातला मुनीम खुनी निघाला, आणि मला ते काही केल्या पटेना. आठ पानं आधी ज्याचा हात भाजलाय तो माणूस गाठ मारून गळा कसा आवळेल? हेच डोक्यात घोळवत मी दादासोंचा शर्ट शिवायला बसलो आणि त्याला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. दादासो तो घालून आरशासमोर उभे राहिले. मी त्यांना मुनिमाचं सगळं प्रकरण समजावून सांगितलं. ते म्हणाले, “आवं मास्तर, मुनीम जाऊ द्या, माझा उजवा हात कुटं घालू त्ये सांगा.” बघा सुभेदार, या गावात आता चर्चेची पातळी ही आहे.

ऐतिहासिक कादंबऱ्याही वाचल्या, चार. त्यातल्या जाड लाल पुस्तकात सरदार भर लढाईत अंगरख्याच्या खिशातून खलिता काढतो. अंगरख्याला खिसा? मी पुस्तक मिटलं, पाणी प्यालो, पुन्हा उघडलं, तर पुढच्याच पानावर तो छातीची बटणं सोडून जखम दाखवतो. बाराबंदीला तर नावातच बंद आहेत, आणि हे लेखक काजं करत बसलेत. ज्याला शिवण कळत नाही त्यानं इतिहास लिहू नये, असं माझं मत झालं आहे. घोड्याबद्दल मला बोलता येत नाही, ते खातं तुमचं. पण त्याच पुस्तकात एक घोडा साताऱ्याहून निघतो आणि पन्हाळ्यापर्यंत वाटेत कुठेही पाणी पीत नाही. तुम्ही असता तर कडेला काय लिहिलं असतं, ते मला तोंडपाठ आहे: ‘घोड्यास रजा द्या.’ मीच लिहून बघितलं. अक्षर माझं आलं, मजा आली नाही, म्हणून खोडून टाकलं.

आणखी एक सांगतो. आमच्या नावाचा माणूस अशा कादंबरीत आला की मी पान उलटायच्या आधी ओळखतो, हा एक तर फितूर होणार, नाही तर सरबत देऊन निघून जाणार. पंधराएक वर्षांपूर्वी अशाच एका पानाच्या कडेला तुम्ही लिहिलं होतं, ‘हा इसम निर्दोष. ओळखीचा आहे.’ ते पुस्तक मी परवा कपाटातून शोधून काढलं. पान पिवळं पडलंय, पण पेन्सिल अजून दिसते. (वाचनालय सांभाळणाऱ्या केरबाला मी सांगितलं की वाळवी लागली का बघत होतो.)

खरं म्हणजे रहस्यकथेचीच रया गेली आहे. तुम्ही माझ्या आधी पुस्तक न्यायचं, पाचव्या पानावर शिसपेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहायचं, मी ते वाचून पेटायचं आणि तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसून चहा होईपर्यंत शिव्या खायच्या, ही आपली चाळीस वर्षांची रीत. आता पाचवं पान कोरं असतं. मी शेवटपर्यंत वाचतो, खुनी कळतो, आणि मग तो कळून करायचं काय हे कळत नाही. पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर सभासद क्रमांकांचे शिक्के असतात ना, तिथे पूर्वी ४१, ४२, ४१, ४२ असे असायचे. आता ४२, आणि मग पुन्हा ४२. बेचाळीस नंबरचा माणूस फार वाचतो असं कुणालाही वाटेल. एकटं वाटतं, सुभेदार. लिहून टाकलं, आता खोडत नाही.

पण याचा अर्थ मी माझा मुद्दा सोडला असा करून घेऊ नये. ज्यावरून जानेवारीत आपलं बिनसलं, ते हिरव्या कव्हराचं पुस्तक मिळावं म्हणून मी तीन आठवडे नंबर लावून बसलो होतो, आणि तुम्ही पाचव्या पानावर ठळक लिहून ठेवलंत, ‘खुनी: वकील’. पुढचं वाचायची इच्छाच मेली. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, चांदबीच्या वर्षश्राद्धासारख्या दिवशी (आमच्यात श्राद्ध नसतं, पण तिची तारीख तीच होती) माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि मी म्हणालो, “मानसिंग, परत माझ्या दुकानाची पायरी चढू नगंस.” तुम्ही फक्त “बरं” म्हणालात, चपला पायात सरकवल्या आणि गेलात. पाचव्या दिवशी तुमच्या घरापुढे टेम्पो लागला. त्या दिवशी तुम्ही खंडाळ्याला मुलाकडे, पृथ्वीराजकडे, कायमचं राहायला जायचं ठरलंय हे सांगायला आला होतात, हे मला केरबाकडून नंतर समजलं. तरीही पुस्तकात लिहिणं चूक ते चूकच.

आता पत्राचं कारण, जे निव्वळ माहितीसाठी आहे. वाचनालयाचं रजिस्टर आता संगणकावर चढतंय. जे सभासद सहा महिने फिरकले नाहीत त्यांची नावं या महिनाअखेर कमी होणार, आणि ज्यांना राहायचं आहे त्यांनी स्वतः येऊन सही करायची. केरबा रजिस्टर पुढं सरकवून म्हणाला, “रसूलचाचा, एकेचाळीस नंबर काढू का? कोण न्हाई आता त्यावर.” मी म्हणालो, त्यावर माणूस आहे, फक्त बाहेरगावी आहे. तो म्हणाला, मग त्या माणसाला यायला सांगा. मी सांगतो असं कबूल केलं नाही, कळवतो असं म्हणालो. तेवढंच हे कळवतो आहे. सही करायची की नाही, हा सर्वस्वी आपला प्रश्न. माझा आग्रह नाही.

गुडघ्याला तेल चोळत जावं. थोरामोठ्यांना यथायोग्य म्हणायला आता आपल्याहून थोर कुणी उरलेलं नाही, म्हणून वहिनींनाच पुन्हा एकदा सलाम.

आपला,
रसूल
(सभासद क्रमांक ४२)

ता. क. दादासोंच्या शर्टाची एक बाही उसवून उजवी लावली. आता ते मलाच विचारतात, मुनिमाचं पुढं काय झालं. त्यांना वाचनालयाचा रस्ता दाखवला, तर तिथे जाऊन ते पेपरातले भाव वाचून परत आले.

ता. क. दुसरा. एक गोष्ट वर लिहायची टाळली. सात महिने मी त्या हिरव्या पुस्तकाला हात लावला नव्हता. गेल्या शुक्रवारी नमाजहून येताना वाचनालयात गेलो, बाकी सगळं वाचून झालेलं, म्हणून तेच घेतलं. नाव तर माहीतच आहे, आता फक्त वकिलावर नजर ठेवू, म्हणून वाचायला लागलो. एकशे चाळिसाव्या पानावर वकील विहिरीत मेलेला सापडला. पाठीत सुरा. मी ते पान तीनदा वाचलं. स्वतःच्याच पाठीत कुणी सुरा खुपसत नाही, हे मी शिवणकामातला असूनही मला कळतं. म्हणजे तू खोटं नाव लिहिलं होतंस. मला चिडवायला लिहिलंस आणि गंमत शाबूत ठेवलीस, आणि जाण्याआधी मी तुला शिव्या द्याव्यात म्हणून लिहिलंस, आणि मी एकशे पस्तीस पानं न वाचता तुला पायरीवरून उठवलं. चाळीस वर्षांत कितीदा असं खोटं लिहिलंस ते आता मी विचारत नाही. माझं चुकलं, मानसिंग. तीन गिऱ्हाइकांदेखत बोललो, तेव्हा त्या तिघांना बोलावून त्यांच्यादेखत परत घेईन.

ता. क. तिसरा. वकील मेल्यावर मी पुस्तक मिटलं. पुढची चाळीस पानं वाचलेली नाहीत, खुनी कोण मला ठाऊक नाही आणि एकट्यानं ठाऊक करून घ्यायचा नाही. साताऱ्याला गाडी बदल, कराडच्या गाडीत डाव्या बाजूला बस, उजवीकडे ऊन येतं. आणि यायचं नाही असं तुझ्या मनात आलंच, तर ते जमणार नाही, रं गड्या. पुस्तक मी एकेचाळीस नंबरवर काढलंय. केरबा म्हणतो, ज्याच्या नंबरवर गेलं त्यानंच ते परत आणून द्यायचं.