भेगांचे फोटो

गुरुवार, कल्याण

डोकं ठणकतंय. वाचनालयाची जुनी इमारत जतन व्हावी, अनुदान मिळावं म्हणून सुहास आणि मी किती हेलपाटे घातले! भिंतींच्या भेगांचे फोटो मीच काढलेले, दुरुस्तीची निकड दिसावी म्हणून.

आज घरपट्टीच्या माफीचं विचारायला पालिकेत गेले, तर कारकून म्हणाला, "मॅडम, बिल्डिंग धोकादायक ठरली. पाडायचा अर्ज तुमच्या अध्यक्षांचाच आहे." अध्यक्ष म्हणजे सुहास. आणि अर्जाला जोडलेले फोटो? माझेच!

तिथूनच त्याला फोन लावला.

"अगं, अनुदानाची वाट किती बघायची? बिल्डर नव्या टॉवरमध्ये हॉल देतोय आपल्याला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू अडवलं असतंस."

हो, अडवलंच असतं. उद्या लेखी हरकत देणार आहे, त्याच्याविरुद्ध. माझ्या सख्ख्या मित्राविरुद्ध.