मागच्या दाराबाबत

मी, सायकलदुरुस्तीवाला, वय एकाहत्तर, डोकं ठिकाणावर आणि गुडघे निकामी, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. बायको शेजारीच बसली आहे. "आवरा आता लवकर," एवढंच म्हणाली. ते दडपण धरू नये.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोला. तिच्या पश्चात मुलीला.

२. हवेचा मोठा पंप मेहुण्याकडे आहे. "दोन दिवसांत आणून देतो" म्हणाला, त्याला एकोणीस वर्षं झाली. पंप त्याचाच समजावा. मी माफ केलं, असं मात्र समजू नये.

३. दुकान आणि सर्व हत्यारं धाकट्या भावाला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

सायकली चोरल्याबद्दल धाकट्याने दोन वर्षं तुरुंगात काढली. लोक म्हणतात, नोकरी गेली म्हणून बिघडला. त्या वर्षी आमच्या गल्लीत अकरा जणांची नोकरी गेली होती. बाकीच्या दहांना माझ्यासारखा भाऊ नव्हता. पहिली सायकल घेऊन तो दुकानासमोर आला तेव्हा त्याची मान खाली होती. "दादा, घेशील का?" मी नुसतं "कुणाची?" विचारलं असतं, तरी तो ती जागच्या जागी ठेवून आला असता. मी म्हणालो, "मागच्या दाराने आण." सांगाड्यावरचा नंबर मीच कानशीने घासून काढला. पुढच्या सहा सायकली त्याने न विचारताच मागच्या दाराने आणल्या.

कोर्टात मी साक्षीदार म्हणून शपथेवर सांगितलं, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, पण माझं नाव घेतलं नाही. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

४. ताबा देण्याआधी मागचं दार विटांनी बुजवावं. ती कानस भंगारात टाकावी. जुनी सायकल विकायला कोणी आलं, तर आधी "कुणाची?" विचारावं, मग बसायला स्टूल द्यावं. पोलिसांच्या दहा फेऱ्यांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

५. धाकटा सव्वीस वर्षं माझ्याशी बोललेला नाही. हा कागद मी जिवंत असतानाच त्याला वाचून दाखवावा. शेजारच्या शिंप्याने ते काम पत्करलं आहे.

ठिकाण: दुकान. सोमवार, महिन्याची नऊ तारीख. सही माझीच.

साक्षीदार: शेजारचा शिंपी, समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई.

साक्षीदार म्हणून धाकट्याला बोलवावं, असं माझ्या मनात होतं. वकीलबाई म्हणाल्या, "काका, ज्याचा फायदा होणार, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं."

मी झालो होतो.