सोळा हजार आचाऱ्यांच्या यंत्राची व्यवस्था

मी, आर्मांड थिबोडो, वय चोपन्न, राहणार लोवेल, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. (दडपण आणणारी बहीण क्लोडेट बाजारात गेली आहे.) मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही, तरी तळघरातला महासंगणक सुरू करू शकणारा मी एकटाच उरलो आहे, याची नोंद असावी.

१. घर क्लोडेटला. स्वयंपाकघरातला नळ आधी डावीकडे, मग अर्धा उजवीकडे फिरवावा. दुरुस्त करू नये.

२. सोल्डरिंगची हत्यारे शेजारी ऑर्व्हिल पेल्की यास. त्याने नेलेली माझी पक्कडही त्याचीच समजावी. ही माफी नव्हे.

३. महासंगणक. एका धिप्पाड प्रोसेसरऐवजी आमच्या कंपनीने सोळा हजार किरकोळ प्रोसेसर एकाच वेळी कामाला जुंपले. क्लोडेटचा नवरा वेंडेल धिप्पाडवाल्यांकडे इंजिनिअर. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापताना त्याचे ठरलेले: "काय मेहुणेबुवा, सोळा हजार आचाऱ्यांनी मिळून एक अंडं उकडलं का?"

"अंडं तू उकड. आम्ही गावजेवण घालतो."

पुढे आमच्या कंपनीला मिळणारा लष्कराचा पैसा आटला, कंपनी बुडाली. यंत्र मी रीतसर घरी आणले. आज वेंडेलची कंपनीही हजारो प्रोसेसर जोडते. त्याने हे अजून तोंडाने कबूल केलेले नाही.

क्लोडेट म्हणते, "तू डोळे मिटलेस की हे धूड भंगारात!" म्हणून हे कलम सविस्तर.

यंत्राच्या दर्शनी भागावर लाल दिव्यांची भिंत आहे. दिवा लुकलुकला, म्हणजे तिथला प्रोसेसर काम करतो आहे. पण कंपनीत पाहुणे आले की आमचे साहेब मला एक वेगळी कळ दाबायला लावत; मग दिवे नुसतेच, पण फार देखणे लुकलुकत. लष्करी अधिकारी, सिनेटर, प्राध्यापक, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गेल्या थँक्सगिव्हिंगला मी तीच कळ दाबली. वेंडेल टर्कीची तंगडी घेऊन समोर उभा राहिला. चावायचा थांबला.

"आर्मांड, हे काहीच करत नाहीये रे! एवढं चांगलं यंत्र, नाचवतोस कशाला? कामाला लाव की."

सबब, यंत्र वेंडेलला. ती कळ त्याने काढून टाकावी आणि दर थँक्सगिव्हिंगला यंत्रावर खरे गणित चालवावे. आधी फ्रीज बंद करावा, नाहीतर गल्ली अंधारात जाते. गणित कोणते, ते त्याने ठरवावे. अंडे उकडण्याचेही चालेल.

घर बायकोचे, यंत्र नवऱ्याचे. भंगाराचे काय ते त्यांनी आपसात पाहावे.

ज्याला काही मिळते त्याची साक्ष नको, म्हणून वेंडेलला ओसरीवर बसवले आहे. "मला काय ठेवलंयस? तो नळ नको हं!" असे तो खिडकीतून ओरडतो आहे.

आमच्यासमक्ष सही झाली:
एडमंड फेरान, निवृत्त पोस्टमास्तर
बर्निस क्विल, ग्रंथपाल

(सही) आर्मांड थिबोडो
लोवेल, ११ एप्रिल १९९८