मानाची पिकअप

१ जुलै
सरपंच श्रीमंत येऊन गेला. चहा बशीत ओतून प्यायला. पोळ्याला वेशीचं तोरण सर्वांत आधी आमच्या घरानं ओलांडायचं, हा जुना मान. यंदा तो माझे धाकटे दीर सहादेवभाऊजी यांच्या बैलांना द्यावा, असं चार लोकांचं म्हणणं आहे म्हणे. चार लोक म्हणजे भाऊजी आणि त्यांचे तीन श्रोते.
आपले बैल विकल्यापासून हे पिकअप घेऊन तोरणाखालून जात. हे दिवाळीत गेले, पिकअपचं पेट्रोल इंजिन संक्रांतीला गेलं. दोघांनीही आगाऊ सूचना दिली नाही.
श्रीमंत म्हणाला, बाई, गाडी सोताच्या ताकदीनं आली तर मान तुमचाच. वढून आनल्याली चालायची न्हाई. मी म्हटलं, येईल. दार लावून घेतलं.

४ जुलै
भीमा मेकॅनिक म्हणतो, जुनं इंजिन दगड झालंय. सुप्याच्या भंगारात एका जीपचं डिझेल इंजिन हाय, ते बसवू. मंजूर.
संकल्प: तीन आठवड्यांत गाडी तयार. देखरेख माझी. बत्तीस वर्षं नववीला सायन्स शिकवलं आहे. इंजिन म्हणजे काय, एक धडा.

१९ जुलै
इंजिन बसत नाही. जुन्यापेक्षा वीतभर लांब. रेडिएटर पुढे सरकवावा लागणार, खालचे ब्रॅकेट नवे वेल्ड करावे लागणार. हे टेप लावून आधी कळायला नको का, असं विचारलं. भीमा म्हणाला, टेप तुमीच धरला हुता.
उद्धट मनुष्य.

२ ऑगस्ट
तीन आठवडे केव्हाच संपले. माझी देखरेख नसती तर सहा लागले असते.
जाऊबाई मनकर्णा चौकशीला आली. म्हणाली, ताई, कशाला जिवाला तरास, आमचे बैल ते तुमचेच की. हिच्या बोलण्याला मुंग्या लागतील. जाताना सहज सांगून गेली की शिंगांचा हिंगूळ आणून ठेवलाय, झुलीही नव्या शिवल्यात. सहज.

१० ऑगस्ट
इंजिन सुरू झालं. गावभर ऐकू गेलं असणार, विशेषतः भाऊजींच्या ओट्यावर. धूर इतका की खोकत आत जावं लागलं. पाणी पिऊन आले तर भीमानं बंदही केलेलं. धुराबद्दल बोलले तर म्हणे, डिझेल हाय बाई, अत्तर न्हाई.
मग पाहिलं. डॅशबोर्डला भोक पाडून त्यात एक काळी मूठ बसवलेली, मागे तार. हे रोज सकाळी फडकं मारायचे तो डॅशबोर्ड. मला न विचारता. काढ म्हटलं. तो सुरू झाला, अवो बाई, ती मूठ म्हंजे... मी थांबवलं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की सांगितलेलं काम आधी करावं, कारणं मागून. गाडीला किल्ली आहे. किल्लीनं सुरू होते, किल्लीनं बंद होते, चाळीस वर्षं बघते आहे. तो पान्हा ठेवून म्हणाला, मग तुमीच करा. तुझी गरज उरलेली नाही, असं मीही सांगितलं.
मूठ मीच काढली. पाच मिनिटं. तार आत ढकलून दिली. चमच्यांच्या ड्रॉवरची मूठ मोडली होती, तिथे बसवली. काहीही वाया घालवू नये.

२१ ऑगस्ट
आज खांदेमळणी. भाऊजींकडे बैलांचे खांदे तुपानं मळणं चाललं आहे. मी पिकअप धुतली, बॉनेटला हळद लावली. कॅननं डिझेल आणून टाकी फुल केली. एकदा सुरू करून पाहा, असं श्रीमंत म्हणाला. रिहर्सल कच्च्या मुलांना लागते.

२२ ऑगस्ट, दुपारी तीन
पोळा. पहिल्याच किल्लीला सुरू. यांचा फोटो डॅशबोर्डवर, बरोबर त्या भोकावर. निघते.

२२ ऑगस्ट, संध्याकाळी
नोंद करायला हवी म्हणून करते.
वेशीपर्यंत गाडी उत्तम गेली. तोरणापुढे थांबवली. मागे भाऊजींचे बैल. मनकर्णा ओवाळायला आली, ताट थरथरत्या बॉनेटला लागून निरांजन विझलं. श्रीमंत म्हणाला, बंद करा बाई, नारळ फोडायचाय. किल्ली फिरवली. इंजिन चालूच. किल्ली काढून घेतली. चालूच. किल्ली माझ्या हातात, गाडी आपली धडधडतेय, आणि समोर सगळं गाव.
कोणीतरी म्हणालं, बाईंचं गाडीसुदिक ऐकंना. बावळट लोक. मी अॅक्सिलरेटर दाबून पाहिला. मागून काळा लोट निघाला तो थेट बैलांच्या तोंडावर. बैल उधळले. पिकअपच्या बाजूनं सुसाट तोरणाखालून पार, कासऱ्याला लोंबकळत भाऊजीही. नवा फेटा तिथेच पडला. गावानं टाळ्या वाजवल्या.
गर्दीतून भीमा आला. बॉनेट उघडून दोन बोटांनी एक बारीक पट्टी मागे ओढली. गाडी गप्प. मग हळू आवाजात म्हणाला, बाई, असलं जुनं डिझेल किल्लीनं बंद हुत न्हाई. त्यालाच ती मूठ हुती.

२३ ऑगस्ट
मान भाऊजींकडे गेला. लंगडत पेढे देऊन गेले. यांच्या फोटोवर काजळी बसली होती, पुसली.
भीमा आला. मूठ द्या, पाच मिनिटांत बसवतो म्हणाला. हरवली, असं सांगितलं. बिचारा अर्धा तास गाडी उभी असते त्या गोठ्यात शोधत होता. त्याच्यासाठी चहा केला. साखरेला चमचा हवा होता, ड्रॉवर ओढला.
मूठ हातात चांगली बसते.