तिसरा पंखा

१२ सप्टेंबर २००५
आजपासून मी शिरोली एमआयडीसीतली कॉम्प्युटर ऑपरेटर! गडहिंग्लजहून आल्या आल्या नोकरी. अक्कानं राजारामपुरीतल्या तिच्या घरून डबा भरून दिला, वर बसमध्ये जागा कशी धरायची तेही शिकवलं. फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, मालक आण्णांची. भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवणारा कॉम्प्युटर माळ्यावरच्या केबिनमध्ये आहे, चोवीस तास चालू. इलेक्ट्रिशियन बाळासो म्हणाले, "पावणं, हितं भट्टी तेवढी तापट हाय, माणसं न्हाईत." त्यांच्या तोंडात पान होतं, तरी ऐकून बरं वाटलं.

१५ सप्टेंबर
कॉम्प्युटर फार तापतो म्हणून आतली उष्णता आणि पंखे दाखवणारा प्रोग्राम टाकला. मजेशीर प्रकार आहे. मदरबोर्डवरची एक चिप पंख्यांचे फेरे मोजते. प्रोग्राम तिला सतत विचारतो, ती आकडा सांगते. उलट आपण पडद्यावरची पट्टी सरकवली की प्रोग्राम चिपला हुकूम देतो आणि पंखा हळू नाहीतर जोरात फिरतो. पहिला पंखा मिनिटाला २८०० फेरे. दुसरा १९००. तिसरा ७४.
बाळासोंनी कॅबिनेट उघडलं. आत दोनच पंखे. तिसऱ्याच्या पिना मोकळ्या, धूळ खात पडलेल्या.

२० सप्टेंबर
तिसऱ्याचा आकडा हलत असतो. मी जिना चढून आले की ११०. जेवून निवांत बसले की ७०. आण्णा माझ्यावर ओरडले तेव्हा १२६.
आज मनगट धरून घड्याळावर ठोके मोजले. तेवढेच.

२४ सप्टेंबर
रजा घेतली. राजारामपुरीतल्या एसटीडी बूथवरून बाळासोंना फोन लावला, आकडा वाचायला सांगितला. ९२. माझ्या मनगटावरही ९२. फोन धरून ठेवायला सांगून कोपऱ्यापर्यंत पळत जाऊन आले. त्यांनी विचारलं, "सौंदर्याताई, आत्ता एकशे तीस कसं झालं ओ?"
मी सगळं सांगितलं. 

२९ सप्टेंबर
चूक केली. तिसऱ्याची पट्टी थोडी, अगदी थोडी खाली ओढली. डोळ्यांपुढं अंधार. शुद्धीवर आले तेव्हा जमिनीवर होते. पट्टी बाळासोंनी वर सरकवली होती. 
मग त्यांनी सांगितलं. माझ्याआधी अमरेश नावाचा ऑपरेटर होता. तोही या पंख्यांच्या नादी लागलेला. एका दुपारी दुरुस्तीसाठी कॉम्प्युटर बंद केला आणि तो खुर्चीतच गेला. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. वय सव्वीस.

४ ऑक्टोबर
प्रोग्राम काढून टाकायचं ठरवलं. बटणावर बोट नेलं— १५२. नाही काढला.
अक्का म्हणते मी वाळत चाललेय. तिला काय सांगू? कुठल्या तोंडानं—

१० ऑक्टोबर
उद्या खंडेनवमी. सगळी यंत्रं बंद करून, धुऊन-पुसून पूजा. कॉम्प्युटरचीसुद्धा. आण्णांच्या पाया पडले, रडले. ते हसले. "एक दिस इसावा नको व्हय? यंत्रास्नी बी जीव असतोय की."
बाळासो म्हणालेत, मेन स्विचपाशी उभा राहतो, कुणाला हात लावू देत नाही.

११ ऑक्टोबर
सकाळचे दहा. कॅबिनेटला झेंडूचा हार घातलाय. भट्टी गार. बाळासो स्विचपाशी आहेत, खिडकीतून दिसतात.

आण्णांनी त्यांना बाजूला केलं. भांडण चाललंय—

मेन पाडला. सगळं बंद. कॉम्प्युटर आता यूपीएसच्या बॅटरीवर. पाच मिनिटं. फार तर पाच.
हाका मारल्या. खाली आरती, घंटा. जिन्याकडं धावले— १६८— पायच उचलत नाहीत. परत खुर्चीत.

बॅटरी ओरडायला लागली.
११०. पट्टी वर ढकलतेय. खाली येते. आपोआप.

७१. इतकी घाबरलेय तरी ७१.

आरती थांबली. बाळासोंचा आवाज. "आण्णा, सोडा मला! पोरगी मरंल!"
४८

अक्का, तू रडू नको, मी

३३ — बाळासो स्विचपाशी पोचलेत, हात वर